टांगेवाल्याची भिवई

मुरुम
ता. ८ फेब्रुवारी १९६२

गुलबानो,

तुझं पुस्तक पोचलं. एष्टीच्या कंडक्टरनं दुकानात दिलं, अप्पांनी उलटंपालटं करून बघितलं आन् माझ्यापुढं सरकवलं. म्या दोनदा वाचलं. आता खरं लिहिते, रागावू नको.

चार पोरी सुट्टीत आत्याच्या गावाला जात्यात आन् किल्ल्यात चोर धरत्यात. दिवस उगवला की निघत्यात, मावळताना घरी येत्यात, आन् कुणी इचारत न्हाय कुठं व्हता म्हणून. भाकऱ्या कोण थापतं? सगळ्या पुस्तकात एकीनंबी एक ताटली इसळली न्हाय. चोर मला खरा वाटला, पोरी न्हाय वाटल्या. पर ती चौथी, बोलत न्हाय, नुसती बघत बसती आन् चोराला पायताणावरनं ओळखती, ती लई आवडली. लिहिणारानं बक्षिसाच्या वक्ताला तिलाच मागं उभी केली. असं का? तू तुझ्या बाईंना इचार.

दुसरी गोष्ट. मुरुमला तंबूचा सिनेमा आलाय. बाजाराच्या माळावर. इंजिन धडधडतं, गाणी सांजच्यापासनं सुरू. अव्वाला ताप व्हता म्हणून मी आन् सारजावैनी दोघीच गेलो, शेजारच्या बायांसंगं. बाप्ये पडद्याच्या अल्याड, बाया पल्याड. पडदा पाण्यानं भिजवत्यात, मग दोनी अंगानं दिसतं. देवाचा सिनेमा व्हता. देव चांगला, पर नारद लई फुगलेला. तार दिसत व्हती, कमरेला बांधलेली. राक्षसाला मी भ्याले न्हाय, वैनी भ्याली. एक रीळ संपलं की अंधार, मग दुसरं रीळ चढवेपर्यंत बाया घरचं बोलत्यात, मग रडायचं व्हतं ते राहून जातं.

सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवत्यात, तुला ठावं हाय? देवबी. अव्वाला सांगितलं तर ती म्हणली, मुंबईची माणसं, त्यांना काय.

आन् एक तुला एकटीलाच सांगते. सिनेमाच्या सुरवातीला अक्षरं येत्यात. मला एक अक्षर वाचता आलं न्हाय. शाळा सोडून चारच वर्षं झाली आन् मी विसरले गं. वैनी कौतुकानं म्हणली, नीले, काय लिवलंय? म्या म्हणले, उर्दू हाय.

आता खरी गोष्ट. आपल्या गावचा बलभीम मुंबईच्या गिरणीतनं सुट्टीला आलाय. त्यानं अप्पांना सांगितलं की टांगेवाल्याचा एक सिनेमा हाय, त्यात अण्णासारखा एकजण दिसतो. नक्की न्हाय म्हणला. दाढी हाय, पटका हाय. तुला माझ्या थोरल्या भावाचं, शांतलिंगअण्णाचं ठावं हाय, तो गेला तवा आपण दुसरीत. नाटकाचं येड डोक्यात घेऊन लग्नाला वर्ष व्हायच्या आत वैनीला टाकून गेला, पौषात सात वर्षं झाली, एक कारड न्हाय. त्याच्यामुळंच अप्पांनी मला चौथीतनं काढलं, वाचाय लागली की पोरं बिघडत्यात म्हणून.

तोच सिनेमा येत्या बाजाराला लागणार हाय. अप्पा जाणार न्हायत, सिनेमाचं तोंड बघणार न्हाय म्हणून त्यांनी गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतलीय. अव्वाला लांबचं दिसत न्हाय. अप्पा मला म्हणले, "खूण तुझ्या हातची हाय, तूच बघून सांग." लगोरी खेळताना म्या अण्णाला खापरी फेकून मारली व्हती, मी सहा वर्षांची असताना. उजव्या भिवईचे दोन तुकडे झाले, तिथं पुन्हा केसच आला न्हाय. मला चुकायचं न्हाय ते.



तुझी नीली

*

उस्मानाबाद
ता. १६ फेब्रुवारी १९६२

नीली,

तुझं पत्र मी शाळेत बाकाखाली धरून वाचलं आणि हसले म्हणून बाईंनी उभं केलं. नारदाचं वाचून हसले. त्या चौथ्या पोरीचं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोण विचारतंय? मी सांगितलं, मुरुमची माझी मैत्रीण, तिला सगळ्या पुस्तकांत भांडी कोण घासतं ते बघायचं असतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिला लिहीत राहा म्हणावं.

तू अक्षरं विसरलीस म्हणतेस, ते मला पटलं नाही. मला चार पानं कोण लिहितं मग, तुमचा बैल? आणि डाव्या हाताचं काय ते मला कळलं नाही. इथं टॉकीजमध्ये वर जनाना बाल्कनी आहे, तिथनं मी पाच सिनेमे बघितले, कुणी डाव्या हातानं जेवलेलं आठवत नाही. कदाचित मी हाताकडं बघतच नसेन. तुझी नजर वेगळी आहे. मी हिरोईनच्या कानातलं बघते.

आता नीट वाच आणि हा कागद चुलीत घाल. आमचे अब्बा कोर्टात पट्टेवाले आहेत ते तुला माहीत आहे. त्यांनी परवा जेवताना सांगितलं, माकणीचा उत्तरेश्वर वकिलाकडं आला होता. म्हणजे तुझ्या सारजावैनीचा भाऊ. त्याला बहिणीला मोकळी करून घ्यायचंय आणि दुसरं घर लावून द्यायचंय. वकील म्हणाला, होतं. सात वर्षं नवरा जिवंत असल्याचं घरच्यांच्या कानावर आलेलं नसलं पाहिजे, आणि तसं सासऱ्यानं, म्हणजे तुझ्या अप्पांनी, कोर्टात सांगितलं पाहिजे. गुरुसिद्धप्पाचाचा बोलले तर होईल, नाही तर नाही.

म्हणजे तू काय बघतेस त्यावर आहे सगळं. मी तुझ्या जागी असते तर ताप आल्याचं सांगून निजून राहिले असते. पण तू जाशील, मला माहीत आहे. तो तुझा अण्णा निघावा की निघू नये, मी काय दुआ मागू ते मला कळेना.

गुलबानो

*

मुरुम
ता. २७ फेब्रुवारी १९६२

गुलबानो,

तो न्हाय.

आधी सिनेमाचं सांगते, न्हायतर मला पुढचं लिहिता येणार न्हाय. सिनेमा बरा व्हता पर लांबलेला. एका शेठची पोर टांगेवाल्याच्या पोरावर जीव लावती. शेठ वाईट, ते पहिल्यांदा दिसला तवाच कळतं, त्याच्या भिवया जाड. पोर गाणं म्हणत हिरीवर पाणी भरती, दोन घागरी, एक थेंब सांडत न्हाय. त्या घागरी रिकाम्या व्हत्या, म्या मान बघितली तिची. भरल्या घागरीला मान अशी हालत न्हाय. शेवटी शेठ रडतो. तो का रडतो ते रीळ तुटलं त्यात गेलं.

बलभीमनं सांगितलेला माणूस हिरोचा बाप न्हाय, टांग्याच्या अड्ड्यावर मागं बसलेला असतो तो. तीनदा दिसला. पहिल्यांदा घोड्याला पाणी पाजताना, लांबून. दुसऱ्यांदा टांग्यातनं उतरून चालत येतो. तवा वैनीनं माझा हात धरला, बांगड्या रुतल्या मला. तिसऱ्यांदा तो भाकरी खात बसलेला आन् जवळनं दिसला. पटका मागं सरकलेला. भिवई तुटलेली व्हती, गुलबानो.  पर डावी. डावी भिवई. म्या पडद्याच्या पार जवळ जाऊन बघितलं, मागच्या बाया वरडल्या. भाकरीबी डाव्या हातानं खात व्हता.

जागेवर आले तर वैनीनं एकच इचारलं, "कुठली भिवई?"

"डावी."

"मग न्हाय तो," ती म्हणली, आन् हात सोडला.

घरी आलो. अप्पा ओट्यावर बसलेले. म्या सांगितलं, खूण डावीकडं हाय, अण्णा न्हाय तो. मोठ्यानं सांगितलं. तुला ठावं हाय मी घरात कवा मोठ्यानं बोलत न्हाय. अप्पांनी मान खाली घातली, लई येळ वर केली न्हाय. दुसऱ्या दिवशी माकणीला निरोप धाडला की कोर्टात सांगीन म्हणून.

अव्वा दोन दिवस जेवली न्हाय. तिला तिचा लेक तिथं असायला पायजे व्हता. टांगेवाला का असंना, दाढीवाला का असंना. तिसऱ्या दिवशी घोटभर आंबील घेतली, आता रोज तेवढंच.

वैनी मातर नेहमीसारखी. भाकऱ्या थापती, जनावरांचं करती. उत्तरेश्वरदादा येऊन गेला. स्थळ माकणीजवळचंच हाय, बायको मेलेली, एक लेकरू हाय. आमच्यात उडकी म्हणत्यात, दुसऱ्यांदा घर लावून द्यायचं त्याला. मठाच्या स्वामींनी हो म्हणलंय. वैनीला कुणी इचारलं न्हाय, आन् ती न्हाय म्हणली न्हाय.

गावात निम्मी माणसं म्हणत्यात तोच व्हता, निम्मी म्हणत्यात न्हाय. अप्पा सगळ्यांना सांगत्यात, आमच्या नीलीनं बघितलंय. लोक माझ्याकडं बघत्यात, मला आत पळावं वाटतं.

वैनी गेल्यावर मी कुणासंगं बोलू?

नीली

*

उस्मानाबाद
ता. ३ जून १९६२

नीली,

तीन महिने मी उत्तर दिलं नाही, तूही परत लिहिलं नाहीस. परीक्षा होती, आणि मग अम्मी आजारी. पास झाले.

मला हे पत्र लिहायचं नव्हतं. चारदा फाडलं.

इथं टॉकीजला जुने सिनेमे परत लावतात उन्हाळ्यात. मागच्या जुम्म्याला तुझा टांगेवाला लागला. जमिलाबीखाला, माझ्या मावशी, निघाल्या होत्या, मी हट्टानं गेले. तू लिहिलंस तसंच सगळं. घागरी रिकाम्या आहेत, तू बरोबर आहेस. शेठ का रडतो ते मी बघितलं, पण ते राहू दे.

तो माणूस भाकरी खातो उजव्या हातानं. आणि तुटलेली भिवई उजवी आहे.

मला वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, एकटी, खालाला न सांगता, बुरखा घालून. उजवीच. सिनेमात सगळे उजव्या हातानं जेवतात, नीली. मग तुझं पहिलं पत्र काढलं. बाप्ये अल्याड, बाया पल्याड. मला तेव्हा वाटलं होतं, पल्याड म्हणजे कनातीच्या पल्याड, बाजूला. तुम्ही पडद्याच्या मागं बसता का? म्हणजे बाप्ये बघतात त्याच्या पाठीकडनं?

मी घरी तेलकट कागदावर एक माणूस काढला, हातात भाकरी दिली, खाली त्याचं नाव लिहिलं, आणि उजेडात धरून मागनं बघितलं. भाकरी दुसऱ्या हातात गेली. नाव वाचता येईना. तू अक्षरं विसरली नव्हतीस. ती उलटी होती.

हे तुला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. मी तिथं असते तर मलाही कळलं नसतं. तुमच्या तंबूत बसलेल्या एकाही बाईला कळलं नाही.

आता कोर्टाचं. अर्ज दाखल झालाय. तारीख दोन जुलै. गुरुसिद्धप्पाचाचांना त्या दिवशी उभं राहून सांगावं लागणार, सात वर्षांत लेकाची काही खबर नाही म्हणून. मी अब्बांना काही बोलले नाही. आता हे दोघींनाच माहीत आहे.

माझ्यावर राग धर, पण उत्तर दे.

गुलबानो

*

मुरुम
ता. १० जून १९६२

गुलबानो,

तुला कुणी सांगितलं व्हतं दुसऱ्यांदा जायला?

पत्र आलं तवा अप्पा समोरच बसलेले. कुणाचं, म्हणले. म्या म्हणले, गुलबानोचं. काय म्हणती? म्या कागद धरून सगळं खोटं वाचलं. तू पास झालीस, तिकडं पाऊस न्हाय, तुझ्या अम्मीला बरं हाय. ते म्हणले, पोरगी चांगली हाय. मला कागदावर डोळे ठेवून तोंडानं दुसरंच बोलायला येतं, हे मला तवाच कळलं.

काल दिवसभर मी अव्वाकडं बघत व्हते. तिला एवढं सांगितलं की अण्णा जिता हाय, की ती उठून बसंल. जेवंल. मुंबईला निघंल त्याच ताटावरनं. अप्पा शिव्या देत मागनं जातील. आन् वैनी मागं राहील, घोड्याला पाणी पाजणाऱ्याची बायको म्हणून. उत्तरेश्वरदादा हात जोडून परत जाईल. कोर्ट म्हणंल, नवरा जिता हाय, बस त्याची वाट बघत. किती वर्षं?

न्हाय सांगितलं तर अप्पा देवासारखा माणूस, कोर्टात खोटं बोलून येतील आन् त्यांना ठावंबी नसंल. ते माझ्या जिभेवर उभे राहत्यात.

तुझ्या पुस्तकातल्या पोरींना चोर धरला की बक्षीस मिळतं. म्या लिहिलं असतं तर शेवटच्या पानावर चोर कुणाच्या घरचा निघाला, तेबी लिहिलं असतं.

मला दोन दिवस दे. पाकिटातनं लिहू नको आता, पाकीट दिसलं की अप्पा मला मोठ्यानं वाचाय लावत्यात; कारडच धाड.

नीली

*

[पोस्टकार्ड]

उस्मानाबाद
ता. १८ जून १९६२

प्रिय नीलम्मास,

कार्ड सगळे वाचतात म्हणून थोडक्यात लिहिते. आम्ही सर्व खुशाल. घरी सगळ्यांना माझा सलाम सांग, वैनींना खास.

आपण त्या सिनेमाबद्दल बोलत होतो त्यावर माझं मत असं झालंय. शेवट कसा व्हावा हे बघणारानं एकट्यानं ठरवू नये. ज्या बाईची गोष्ट आहे तिला कुणीच काही विचारत नाही, हा त्या सिनेमाचा मोठा दोष आहे. तू तो दोष काढला नव्हतास, मला आश्चर्य वाटलं. दोन तारखेच्या आत परत एकदा विचार कर. तू जे म्हणशील तेच माझंही मत.

गुलबानो

*

मुरुम
ता. २२ जुलै १९६२

गुलबानो,

कार्ड अप्पांनीच वाचलं, अक्षर लावून लावून. म्हणले, एवढा इचार सिनेमाचा करता तुम्ही पोरी? म्या म्हणले, व्हय.

सगळं सांगते, पहिल्यापासनं.

म्या वैनीला हिरीवर गाठलं. धुणं व्हतं, दुसरं कुणी नव्हतं. एका दमात सांगितलं. पडदा, पाठीमागची बाजू, तुझा तेलकट कागद, उजवी भिवई. वैनी लुगडं आपटत व्हती. आपटायची थांबली न्हाय. मला वाटलं ऐकूच गेलं न्हाय. पुन्हा म्हणले, वैनी, तो अण्णाच हाय.

ती म्हणली, "मला ठावं हाय."

म्या इचारलं, कधीपासनं.

"तो टांग्यातनं उतरला तवाच. खूण इकडची तिकडं व्हईल, नीले. चाल कशी व्हईल? डाव्या खांद्यानं रेटत चालतो तो, कुणी वाट आडवलीय असं. तिथं उजव्या खांद्यानं चालला, तरी त्याचीच चाल. नवी नवरी व्हते तवा पाच पावलं मागनं चालायचे मी त्याच्या. दुसरं काय बघायला व्हतं मला?"

मग तिनं पिळा घातला आन् लुगडं दगडावर ठेवलं. म्हणली, मी वाट बघत व्हते की तू काय म्हणतीस. तू डावी म्हणलीस. मला वाटलं, पोरीनं जाणूनबुजून माझ्यासाठी म्हणलं. चार महिने मी तुझे उपकार मानत व्हते.

मी रडाय लागले. म्या काय जाणून केलं नव्हतं, मी चुकले व्हते. ती हसली गं. लई दिवसांनी हसली. म्हणली, मग चुकीचेच उपकार.

तिला इचारलं, तुला काय पायजे? तुझं कार्ड माझ्या डोक्यात व्हतं. तिनं पोहरा सोडला, भरून वर घेतला. मग म्हणली, सात वर्षं तो जगाला तोंड दाखवत फिरला, मला एक कारड न्हाय. तो मेला असता तर मी रडले असते. तो भाकरी खात बसलेला दिसला तवा मला रडू आलं न्हाय, राग आला. "मला जायचंय नीले. पर तुझ्या अप्पांना सांगायचं तर सांग. मी तुला अडवणार न्हाय, आन् तुझं तोंडबी धरणार न्हाय."

म्या सांगितलं न्हाय. हे मी वैनीवर ढकलत न्हाय, तुझ्यावरबी न्हाय. दोन तारखेला अप्पा धुतलेलं धोतर नेसून एष्टीत बसले, म्या दारातनं बघितलं आन् तोंड उघडलं न्हाय. ते कोर्टात काय बोलले ते तुझ्या अब्बांनी ऐकलं असंल. घरी येऊन त्यांनी पाय धुतले आन् म्हणले, खरं बोलायला काय लागतं, दोन शब्द.

परवा वैनी गेली. वकिलानं उडकीला वर्षभर थांबायला सांगितलंय, तवर भावाच्या घरी माकणीला राहील. जाताना अव्वाच्या पाया पडली. अव्वानं तिची ओटी भरली, म्हणली, माझ्या लेकानं तुला सुख दिलं न्हाय. वैनीनं माझ्याकडं बघितलं. पाच पावलं गेली आन् मागं बघितलं न्हाय. तिची चाल म्या कवा बघितली नव्हती. आता मला कुठंबी ओळखू येईल.

अप्पांचं मला भ्या वाटतं. बलभीम दिवाळीला येईल. दुसरा कुणी पडद्याच्या अल्याड बसून नीट बघून येईल. तवा अप्पा मला काय म्हणतील? म्या ठरवलंय, तवा खोटं वाचायचं न्हाय. 

अव्वाचं ऐक. काल दुपारी मी जोंधळा निवडत व्हते, ती भिताडाला टेकून बसली व्हती. म्हणली, तो टांग्याचा सिनेमा सांग की मला. मी हिरोईनचं सांगाय लागले, घागरींचं. ती म्हणली, ते नगं. त्या टांगेवाल्याचं सांग. मागं बसलेला व्हता म्हणलीस तो.

म्या तिच्याकडं बघितलं. तिचं तोंड दाराकडं व्हतं. म्या सांगितलं. घोड्याला पाणी पाजतो. घोडा पांढरा हाय, चांगला पोसलेला. मग टांग्यातनं उतरून येतो. मग बसून भाकरी खातो.

"कुणाचा का असंना," अव्वा म्हणली. "पोटभर खात व्हता का?"

"व्हय. पोटभर."

"कालवण?"

"कांदा व्हता. आन् कायतरी पातळ, वाडग्यात."

तिनं मग इचारलं, "कुठल्या हातानं खात व्हता?"

गुलबानो, म्या त्याला डाव्या हातानं खाताना बघितलं व्हतं. सगळ्यांना तसंच सांगितलं व्हतं, तिलाबी. माझ्या हातातलं सूप थांबलं.

"उजव्या, अव्वा," म्या म्हणले.

तिनं मान हालवली, जोंधळ्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला. सांजंला तिनं आंबील घेतली न्हाय. ताट मागितलं. एक भाकरी खाल्ली, सगळी, आन् कांदा फोडायला लावला.

नीली